पहिला नंबर विक्रीला नसतो

दुकानाचं शटर वर करून अगरबत्ती लावेपर्यंत फोन वाजतो. "सर, गूगलवरून बोलतेय. तुमचं लिस्टिंग आज बंद होतंय. चालू ठेवायचं असेल तर वर्षाचे इतके भरा." मुक्ताईनगरचं कृषी सेवा केंद्र असो, महामार्गावरचा धाबा असो की गल्लीतलं मोटार रिवायंडिंगचं दुकान, हा फोन फार थोड्यांना चुकला असेल. काहींनी घाबरून पैसे भरलेही आहेत.

गूगलच्या नकाशावरची नोंद फुकट आहे. नोंद करायला पैसे पडत नाहीत, ती चालू ठेवायलाही नाहीत. २०१४ साली 'गूगल माय बिझनेस' या नावाने ही सोय सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं नाव 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं, पण फुकटपणा बदलला नाही. त्यामुळे नोंदीचे पैसे मागणारा माणूस गूगलचा नसतो, एवढं पक्कं धरावं. त्याने मोबाइलवर आलेला कोड विचारला तर फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक लगेच लावावा.

पण सगळेच असे नसतात. लोकल एसईओ म्हणून जे काम करून मिळतं, ते खरं काम आहे आणि कष्टाचं आहे. जवळपासच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर काही शोधलं, तर आपलं दुकान योग्य पत्ता, चालू फोन, खऱ्या वेळा आणि बरे फोटो घेऊन समोर यावं, एवढ्यासाठी ते असतं. भांडण होतं ते पैसे देणाऱ्याला आपण नेमकं काय विकत घेतोय हे माहीत नसतं म्हणून, आणि घेणारा ते मुद्दाम सांगत नाही म्हणून.

"पैसे दिले की नकाशावर पहिला नंबर"

गूगलने आपल्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहून ठेवलंय, की स्थानिक निकालात वरचा क्रमांक पैसे देऊन किंवा विनंती करून मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही गूगलच सांगतं. क्रमांक ठरतो तीन गोष्टींवर: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे.

यातली मधली गोष्ट, म्हणजे अंतर, कुठल्याही एजन्सीच्या हातात नाही. मुक्ताईनगर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, भुसावळ आणि मलकापूरच्या मध्ये आहे. जळगावच्या स्टेशनबाहेर उभा राहून कोणी नुसतं 'लॉज' असं शोधलं, तर त्याला जळगावचीच लॉजेस दिसणार. तुमचं लॉज कितीही चांगलं असलं आणि एजन्सीने कितीही घासलं तरी गूगल त्याला पन्नासएक किलोमीटर लांब पाठवणार नाही. त्यानेच 'मुक्ताईनगर लॉज' असं शोधलं, किंवा तो पुरनाड फाट्यावर बुऱ्हाणपूरकडून येऊन थांबला आणि तिथून शोधलं, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून 'जळगाव, भुसावळ, रावेर सगळीकडे पहिले आणतो' असं सांगणाऱ्याला तिथेच हात जोडावेत.

एक गंमत इथेच होते. एजन्सीचा मुलगा दुकानात येतो, काउंटरवर उभा राहून तुमच्याच मोबाइलवर शोधून दाखवतो: बघा, पहिले! अहो, दुकानात उभं राहून शोधल्यावर दुकानच पहिलं येणार. अंतर शून्य, आणि मोबाइलही तुमचाच, रोज तेच नाव बघणारा. खरी तपासणी करायची तर भुसावळच्या मेहुण्याला त्याच्या मोबाइलवर 'मुक्ताईनगर' हा शब्द लावून शोधायला सांगा.

दुसरी हातचलाखी याहून बेमालूम. 'तुमचे पंचवीस कीवर्ड पहिल्या पानावर आणले' असा अहवाल येतो. कीवर्ड वाचून पाहावेत. 'मुक्ताईनगर बसस्थानकाजवळ उत्तम दर्जाची पाणबुडी मोटार रिवायंडिंग सेवा' असं मोटार जळालेला शेतकरी कधी लिहील का? तो लिहितो 'मोटार रिपेअर' आणि दिसेल त्या पहिल्या नंबरवर फोन लावतो. कोणी शोधतच नाही अशा वाक्याला पहिला नंबर मिळवायला काहीच लागत नाही, कारण शर्यतीत दुसरं कोणी नसतं.

वेळेचं म्हणाल, तर एसईओचं काम सुरू झाल्यापासून फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असा गूगलचाच अंदाज आहे. तो मुख्यतः वेबसाइटच्या कामाचा. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात, जिथे एका धंद्याची चार-सहाच दुकानं नकाशावर असतात आणि त्यातल्या दोघांचे फोन बंद, तिथे नुसती नोंद नीटनेटकी केली तरी फरक लवकर जाणवू शकतो. पंधरा दिवसांची हमी मात्र थाप समजावी.

"नावात गाव आणि काम घुसडलं की वर येतं"

येतं, हे कबूल करायला हवं. काही काळ येतं. पाटीवर साधं नाव आणि नकाशावर 'अमुक मोटर्स बेस्ट मोटार रिपेअर मुक्ताईनगर बोदवड रावेर' अशी आगगाडी, हे प्रकार जागोजागी दिसतात. गूगलचा नियम असा, की पाटीवर आणि व्यवहारात जे नाव आहे तेच नोंदीत हवं. शेजारचा स्पर्धक 'बदल सुचवा' वर बोट ठेवून तक्रार करतो आणि मग नाव कापलं जातं किंवा अख्खी नोंद निलंबित होते. परीक्षणं, फोटो, सगळंच दिसेनासं होतं. एजन्सी तोवर पुढच्या गावात गेलेली असते आणि परत मिळवण्याचा खटाटोप दुकानदाराच्या गळ्यात पडतो.

"काम दर महिन्याला तेवढंच असतं, म्हणून पैसेही"

खरं काम पहिल्या काही आठवड्यांत असतं. धंद्याचा प्रकार बरोबर निवडणं, नकाशावरचा ठिपका नेमका दारावर आणणं, फोन, वेळा, फोटो. ठिपक्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण दुभाजक असलेल्या महामार्गावर तो रस्त्याच्या पलीकडे पडला तर ट्रकवाला वळसा घालायचे कष्ट घेत नाही, पुढच्या धाब्यावर जातो.

पडताळणीचं कामही याच वेळचं, आणि ते पुण्यात बसून कोणी करून देऊ शकत नाही. गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, किमान ३० सेकंदांचा, मध्ये न तोडलेला. त्यात रस्ता किंवा आजूबाजूची खूण दिसावी, दुकानाची पाटी दिसावी, आतला माल दिसावा, आणि दुकान तुमच्या ताब्यात आहे हे दिसावं. म्हणजे कुलपाला किल्ली लावून शटर वर करा, गल्ला उघडून दाखवा. कोणाचा चेहरा दाखवायची गरज नाही. तपासायला पाच कामाचे दिवस लागू शकतात.

त्यानंतर महिन्याकाठी उरतं ते थोडकं: सणावाराच्या वेळा बदलणं, नवे फोटो टाकणं, परीक्षणांना उत्तरं देणं, कोणी चुकीचा बदल सुचवला असेल तर तो पाहणं. घरातलं कॉलेजला जाणारं पोर हे आठवड्यात अर्धा तास देऊन करू शकतं. म्हणून माझं मत असं, की मुक्ताईनगरच्या बहुतेक दुकानांनी उभारणीचे पैसे एकदाच द्यावेत आणि वर्षाचा करार टाळावा. ज्याची वेबसाइट आहे, दोन-तीन शाखा आहेत, किंवा ज्याचं गिऱ्हाईकच परगावचं आहे, जसं मंगल कार्यालय, भक्तनिवासाजवळचं लॉज किंवा रुग्णालय, त्याने महिन्याचा विचार केला तर चालेल. पण त्यानेही महिन्यात काय होणार हे कागदावर घ्यावं.

आणि अहवालात काय बघायचं? 'इतक्या लोकांनी पाहिलं' हा आकडा दिसायला मोठा असतो, गल्ल्यात पडत नाही. किती जणांनी फोनचं बटण दाबलं, किती जणांनी रस्ता विचारला, हे नोंदीतच फुकट दिसतं. ते दर महिन्याला वहीत उतरवून ठेवावं. कारण आपल्या गावाचा हंगाम वेगळा आहे. महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवची यात्रा भरते, कोथळी-मेहूणला आणि तापी-पूर्णेच्या संगमावर माणूस लोटतो. त्या महिन्यात चहाच्या टपरीलाही रस्ता विचारणारे वाढतात. एजन्सीने त्या वाढीचं श्रेय घेतलं, तर गेल्या वर्षीच्या यात्रेचा आकडा समोर ठेवता यायला हवा. जानेवारीशी तुलना करून फसू नये.

"परीक्षणं विकत मिळतात"

मिळतात, आणि हाच सगळ्यांत महाग पडणारा सौदा आहे. पन्नास पंचतारांकित परीक्षणं एका आठवड्यात येतात. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, की त्याच माणसाने एकाच दिवशी कुठल्या दूरच्या शहरातल्या दंतवैद्याला आणि दुसऱ्याच राज्यातल्या ब्यूटी पार्लरला पाच तारे दिलेले दिसतात. मुक्ताईनगरचं खत दुकान त्याने कधी पाहिलं? गूगलच्या नियमात खोटी परीक्षणं बसत नाहीत आणि सूट किंवा भेटवस्तू देऊन मागवलेली खरी परीक्षणंही बसत नाहीत. सापडलं तर परीक्षणं काढली जातात, काही काळ नवी घेणं बंद होतं आणि नोंदीवर तसा इशाराही लावला जाऊ शकतो. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेलं परीक्षण त्यातही गैरच.

वाईट परीक्षण 'काढून देतो' म्हणणाऱ्यालाही तोच न्याय. नियमभंग असेल तर तक्रारीचं बटण तुमच्याकडेही आहे. नियमभंग नसेल तर ते कोणीच काढू शकत नाही. 'दादा, त्या दिवशी कारागीर रजेवर होता, या, मोटार पुन्हा बघून देतो' असं उत्तर त्याखाली लिहिलं, तर वाचणारा पुढचा गिऱ्हाईक तारे कमी मोजतो आणि उत्तर जास्त वाचतो, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकाला परीक्षण लिहायला सांगण्यात मात्र काहीच चूक नाही. काउंटरवर क्यूआर कोड लावा, तोंडाने सांगा. फक्त त्याबदल्यात काही देऊ नका, आणि खूश गिऱ्हाईक तेवढे निवडू नका.

"एजन्सीने बनवलं, म्हणजे एजन्सीकडेच राहणार"

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते वर्षभर कळतच नाही. नोंद एजन्सीच्या ईमेलवर, वेबसाइटचं नाव एजन्सीच्या खात्यावर, नकाशावरचा फोन नंबरही कधीकधी त्यांचाच. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि नांगरट आपली. करार संपला की नोंद अडकते, आणि 'नूतनीकरणाचे' पैसे मागितले जातात.

नोंद तुमच्या जीमेलवर उघडायची, प्राथमिक मालक तुम्ही, एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचा हक्क. काम संपलं की तो हक्क काढायचा. याला पैसे लागत नाहीत. गिऱ्हाईक सोडून जात असेल तर त्याच्या नोंदीचा ताबा त्याला द्यावा, ही एजन्सींकडून गूगलचीही अपेक्षा आहे. नोंद आधीच दुसऱ्याकडे असेल तर गूगलवरूनच मालकीची मागणी पाठवता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस असतात. तो गप्प राहिला तर पडताळणी करून ताबा घेण्याचा पर्याय बऱ्याचदा खुला होतो. ताबा मिळाल्यावरही पहिले सात दिवस जुन्या माणसाला काढता येत नाही, त्यामुळे घाबरू नये.

वेबसाइटच्या नावाचंही तसंच. ते नाव तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर घ्या. ज्यांनी गूगलच्या फुकट छोट्या वेबसाइटवर भिस्त ठेवली होती त्यांना मार्च २०२४ मध्ये झटका बसला, कारण गूगलने ती सोयच बंद केली.

जाहिरातीचा घोळ थोडक्यात. शोधल्यावर वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं दिसतं ती पैशाची जाहिरात. तिचा एसईओशी संबंध नाही. पैसे थांबले की ती त्याच क्षणी जाते. एजन्सी तुमच्या पैशातून जाहिरात चालवून 'एसईओ झालं' म्हणत असेल, तर गूगलला किती गेले आणि एजन्सीला किती, हे वेगळं विचारा. जस्टडायल ही वेगळी कंपनी आहे. तिथे पैसे भरून गूगलवरचा क्रमांक विकत मिळत नाही.

काही धंद्यांना हे सगळं लागतच नाही. केळीचा माल उचलणारा व्यापारी गूगलवर शोधून येत नाही. रावेर आणि बुऱ्हाणपूरचे भाव मोबाइलवर बघून, ओळखीतून, फोनवर सौदे होतात. घाऊक खतवाल्याचंही तेच. त्यांनी नोंद फुकट करून ठेवावी आणि महिन्याचे पैसे वाचवावेत. केळीचे वेफर्स काउंटरवर विकणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला वाटसरू हवा असतो.

पैसे द्यायचेच ठरले तर बिल घ्या. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे पाच हजार ठरले तर हातातून ५,९०० जातील. ज्याची सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, तो जीएसटी लावू शकत नाही. लावला असेल तर बिलावरचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. तुम्ही स्वतः कंपोझिशन योजनेत असाल तर हा कर परत वळता होत नाही, तो खर्चातच धरा.

फसवणूक झालीच तर 'धंद्यासाठी घेतलेली सेवा, ग्राहक मंचात चालत नाही' असं सांगून कोणी गप्प बसवेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची सेवा वगळलेली आहे, हे खरं. स्वतः राबून फक्त उदरनिर्वाहासाठी चालवलेल्या स्वयंरोजगाराला त्यातून सूट आहे, पण कायद्याच्या शब्दांत ती विकत घेतलेल्या वस्तूंपुरती आहे. सेवेच्या बाबतीत आपण त्यात बसतो का, हे आधी विचारून घ्यावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे बोलताना बिल, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवर दिलेला 'पहिल्या नंबरची गॅरंटी' हा मेसेज हाताशी असू द्या. तो मेसेज पुसू नका.