महामार्गावरील मृत्यू : रस्ता दोषी की चालक?

महामार्गावर एखादा भीषण अपघात घडला म्हणजे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून, चहाच्या टपऱ्यांवरून आणि विधिमंडळाच्या सभागृहातूनही एकच प्रश्न विचारला जातो : दोष रस्त्याचा की गाडी चालवणाऱ्याचा? एक पक्ष म्हणतो, रस्ताच जीवघेणा आहे. दुसरा म्हणतो, रस्ता जागचा हलत नाही, माणसेच बेफाम झाली आहेत. दोघांनाही आपापल्या मताला पुष्टी देणारे दाखले सहज सापडतात आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच विरतो. परंतु ज्या देशात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ अपघातांची नोंद होऊन त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि ज्या महाराष्ट्रात त्याच वर्षी १५,२२४ जीव रस्त्यावर गेले, तेथे हा विषय केवळ मतामतांवर सोडून देणे परवडणारे नाही. म्हणून या बाबतीत रूढ झालेल्या समजुती एकेक करून वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

गैरसमज पहिला : काही रस्ते मुळातच अपशकुनी असतात

मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि लागोपाठ अपघातांच्या वार्ता येऊ लागताच ‘शापित महामार्ग’ हे बिरुद त्याला चिकटले. अपघात टळावेत म्हणून तेथे मंत्रतंत्राचे विधी करण्यापर्यंतही मजल गेली. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या एका खासगी बसला अपघात होऊन तिने पेट घेतला आणि त्यात २५ प्रवाशांचा होरपळून अंत झाला, तेव्हा तर या समजुतीला जणू दुजोराच मिळाला.

वस्तुतः त्या रात्रीच्या घटनाक्रमात शापाला जागाच उरत नाही. टायर फुटल्याची कैफियत प्रारंभी चालकाने दिली. परंतु टायर फुटल्याच्या खुणा परिवहन खात्याच्या पाहणीत घटनास्थळी आढळल्या नाहीत. गाडी आपला मार्ग सोडून खांबाला आणि दुभाजकाला धडकली, डाव्या कुशीवर उलटली, त्यामुळे चढण्या-उतरण्याचा दरवाजा नेमका खाली दबला गेला. इंधनाने पेट घेतला आणि गाढ झोपेत असलेल्या प्रवाशांना बाहेर पडण्यासाठी खिडक्यांच्या काचांखेरीज मार्ग उरला नाही. या साखळीतील प्रत्येक दुवा मनुष्यनिर्मित आहे : रात्रभर गाडी हाकण्याची पद्धत, रस्त्याच्या कडेचा अनाच्छादित खांब, गाडीची बांधणी, संकटकाळी निघण्याच्या वाटेची अवस्था. जे मनुष्याने घडवले ते मनुष्याला बदलता येते, आणि म्हणूनच शापाची भाषा ही केवळ अंधश्रद्धा नसून जबाबदारीतून मिळालेली सोयीस्कर सूट आहे.

गैरसमज दुसरा : नव्वद टक्के अपघात चालकाच्या चुकीमुळे होतात, तेव्हा रस्त्याची चर्चा व्यर्थ आहे

हा आकडा इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याचे मूळ तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. त्याचे एक मूळ अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या १९७९ च्या अभ्यासात सापडते. त्यात सुमारे ९३ टक्के अपघातांत मानवी घटक आढळला हे खरे. पण त्याच अभ्यासात सुमारे ३४ टक्के अपघातांत रस्ता व परिसर यांचा, आणि सुमारे १३ टक्के अपघातांत वाहनाचा वाटाही आढळला होता. ही बेरीज शंभराच्या पलीकडे जाते, कारण एकाच अपघाताला अनेक कारणे असतात. लोकांनी मात्र पहिला आकडा उचलला आणि उरलेले दोन टाकून दिले. पुढे २०१५ साली अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ९४ टक्के हा आकडा प्रसिद्ध केला, तेव्हा चालकाची चूक हा घटनाशृंखलेतील अखेरचा दुवा असला तरी तोच अपघाताचे कारण असे समजू नये, असा खुलासाही त्याच टिपणात केला होता. आकडा सर्वत्र फिरला, खुलासा जागच्या जागी राहिला.

आपल्याकडील आकड्यांची घडण निराळी आहे, पण तिचा रोख तोच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार रस्ते अपघातांतील ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. हा तपशील गोळा होतो तो प्राधान्याने पोलिसांच्या फिर्यादीतून आणि पंचनाम्यातून. पूर्वी भारतीय दंडविधानाची कलमे २७९ व ३०४-अ, आणि आता भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ व १०६ यांखाली तपास करणाऱ्या अंमलदारापुढे मुख्य प्रश्न असतो तो आरोपी कोण हा. वळणाचा उतार योग्य होता काय, गाव ओलांडणाऱ्याला पादचारी मार्ग होता काय, कठड्याची टोके मोकळी सोडली होती काय, हे प्रश्न त्याच्या अधिकारकक्षेत नाहीत, आणि बहुधा त्याला त्याचे शिक्षणही मिळालेले नसते. त्यामुळे रस्त्याचा दोष कागदावर क्वचितच उतरतो, आणि कागदावर नाही म्हणून तो नाहीच असा निष्कर्ष मागाहून काढला जातो.

यावरून चालक निर्दोष ठरतात असे मात्र कोणी समजू नये. मद्य घेऊन, झोप मोडून किंवा कानाला मोबाइल लावून गाडी चालवणारा मनुष्य इतरांच्या प्राणांशी खेळतो, आणि त्याचा गुन्हा रस्त्याच्या कोणत्याही दोषाने सौम्य होत नाही. दोघांचा दोष एकाच वेळी पूर्ण असू शकतो, एवढेच येथे सांगायचे आहे.

गैरसमज तिसरा : घाट, वळणे आणि खड्डे हीच धोक्याची ठिकाणे, सरळ व रुंद रस्ता निर्धोक असतो

२०२२ च्या अधिकृत नोंदीनुसार देशातील सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर घडले. रस्त्यांची बहुतांश लांबी सरळच असते, म्हणून या आकड्याचा अर्थ सरळ रस्ता वळणाहून घातक असा लावणे चुकीचे होईल. पण सरळ रस्त्यावर निर्धास्त राहावे या समजुतीला तो पुरेसे उत्तर देतो. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्केच असताना त्या वर्षीचे ३६ टक्क्यांहून अधिक मृत्यू त्यांवर झाले, आणि हे महामार्ग सामान्यतः आपले सर्वांत रुंद व गुळगुळीत रस्ते आहेत.

याचे कारण पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमात आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर तोडते. समोरचे संकट डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंदभर तरी सहज जातो, आणि तेवढ्यात गाडी शंभर फुटांहून अधिक पुढे गेलेली असते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाटात भीती माणसाला जागे ठेवते. मैलोगणती एकसुरी पसरलेल्या सिमेंटच्या पट्ट्यावर ती भीती ओसरते, डोळे उघडे राहूनही लक्ष झोपी जाते. मोटारीसाठी बांधलेल्या त्याच रुंद रस्त्याच्या कडेने जेव्हा शाळकरी मुले, बैलगाड्या आणि उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार जातात, तेव्हा रस्त्याची रुंदी हेच त्यांच्यावरचे संकट ठरते.

गैरसमज चौथा : उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकली, इंजिन बंद केले, की इंधन वाचते आणि बिघडत काही नाही

पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या समजुतीची भयानक किंमत वारंवार वसूल करीत आला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी तेथे एका अवजड वाहनाने पाठोपाठ वीसहून अधिक गाड्यांना चिरडत नेले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले.

असे केल्याने यंत्रात काय घडते ते नीट समजून घ्यावे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद होताच नवी हवा भरली जात नाही आणि ब्रेक दाबावा तसतसा साठलेला दाब घटत जातो. स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य थांबून ते जड होते. गियर सुटल्यामुळे इंजिनाचा गाडीला लागणारा अटकावही नाहीसा होतो, साऱ्या टनांचा भार एकट्या ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. शिवाय इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा असलेल्या आजच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन आपोआप तुटते. म्हणजे ज्या बचतीसाठी हा जुगार खेळला जातो, ती गियरमध्ये राहूनच पदरात पडते.

तथापि येथेही एकट्या चालकाकडे बोट दाखवून भागत नाही. लांबलचक उतार जेथे संपतो तेथेच शहराची दाट वस्ती, जोडरस्ते आणि खोळंबलेली वाहतूक उभी असेल, तर चालकाच्या एका चुकीचे रूपांतर सामुदायिक संहारात होण्याची तजवीज आराखड्यानेच करून ठेवली आहे, असे म्हणावे लागते. अनेक चालक, अनेक मालक, अनेक प्रकारची वाहने आणि तरीही तोच उतार, हा योगायोग नव्हे.

गैरसमज पाचवा : सीटबेल्ट पुढे बसणाऱ्यांसाठी असतो, मागचा सुरक्षितच असतो

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते. गाडी थांबली तरी पट्टा नसलेले शरीर गाडीच्याच वेगाने पुढे जात राहते, आणि पुढील आसन, छत किंवा सहप्रवासी यांवर आदळूनच थांबते. मागील आसनासाठी पट्ट्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांत तत्पूर्वीपासूनच होते. त्याचे स्मरण मात्र या दुर्घटनेनंतर झाले.

या एकाच घटनेत आपल्या मूळ प्रश्नाचे संपूर्ण उत्तर सामावलेले आहे. चालकावर बेदरकारपणाचा गुन्हा दाखल झाला. पण त्या ठिकाणी तीन पदरी मार्ग पुलावर दोन पदरी होत होता, आणि पुलाचा काँक्रीटचा कठडा धावत्या वाहनाच्या वाटेत पुढे आलेला होता, हेही तज्ज्ञांच्या पाहणीत नमूद झाले. चालक चुकला नसता तर धडक झाली नसती; कठडा तसा नसता तर धडक इतकी घातक ठरली नसती; पट्टे लावलेले असते तर कदाचित दोन्ही चुका होऊनही जीव वाचले असते. तीन वेगवेगळ्या हातांत तीन वेगवेगळे उपाय होते.

गैरसमज सहावा : लोकांची वृत्ती बदलेपर्यंत काहीही साधणार नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. त्याच सुमारास राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून तेथे शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून काम हाती घेतले. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा केली. कडेचे उघडे खांब व काँक्रीटचे अडथळे लोखंडी कठड्यांनी झाकले, वेगावर देखरेख वाढवली, जखमींना लवकर मदत मिळेल अशी व्यवस्था लावली. पुढील वर्षांत मृत्यूंची संख्या उतरत जाऊन निम्म्याच्या आसपास आली. गाड्या चालवणारी माणसे तीच होती. एवढ्या अवधीत त्यांचा स्वभाव काही पालटला नव्हता.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले : मनुष्य चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असा रस्ता बांधणे हे रस्ता बांधणाऱ्याचे दायित्व आहे. समोरासमोरच्या धडका रोखण्यासाठी त्यांनी अरुंद महामार्गांच्या मध्यभागीही पोलादी तारांचे कठडे उभारले. त्या वर्षी पाचशेहून अधिक असलेली तेथील वार्षिक मृत्यूसंख्या पुढे अडीचशेच्या आत आली.

तात्पर्य

अपघात का झाला आणि माणूस का मेला, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा चालकापाशी सापडते. दुसऱ्याचे उत्तर रस्ता, वेग, वाहन, पट्टा, शिरस्त्राण आणि रुग्णवाहिका यांच्यात विभागलेले असते. आपली शासनव्यवस्था पहिला प्रश्न विचारून दप्तर बंद करते, म्हणून तेच ठिकाण पुढल्या वर्षी पुन्हा बळी घेते. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, म्हणजे त्या जागेस ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणावे, असा सरकारी निकष आहे. दहावा मृत्यू होईपर्यंत थांबण्याऐवजी पहिल्याच मृत्यूनंतर अभियंत्याने तेथे जाऊन रस्त्याचा पंचनामा करावा, ही मागणी अवाजवी नाही.

त्यासाठी कायद्याचा आधारही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९८-अ या कलमान्वये, रस्त्याच्या रचनेत, बांधकामात वा देखभालीत विहित मानकांचे पालन न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण रस्ताही जाब देण्यास बांधील असतो हे तत्त्व त्याने मान्य केले आहे. चालकाने वेग आवरावा, गियर सोडू नये, झोप आली की गाडी थांबवावी आणि मागच्या आसनावरही पट्टा लावायला लावावा. आणि प्रत्येक मृत्यूनंतर नागरिकांनी, पत्रकारांनी व लोकप्रतिनिधींनी चालकाच्या अटकेच्या बातमीबरोबरच अभियंत्याचा अहवालही मागावा. तो अहवाल मागण्याची सवय समाजाला लागेल, तेव्हा रस्ता की चालक हा वाद मिटण्याची वाट न पाहताच माणसे वाचू लागतील.