उपनगरात न आलेला ऑर्गन
लेखमाला : नाद आणि वास्तू (लेखांक सातवा)

१७३९ साली मराठ्यांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत कशा जाऊन पोहोचल्या, ते मागच्या लेखांकात आले. घंटेचे एक बरे असते. ती उतरवता येते, गाड्यावर घालून नेता येते, दुसऱ्या देवासमोर टांगली तरी तिचा नाद तोच राहतो. चर्चमधले दुसरे मोठे वाद्य म्हणजे पाइप ऑर्गन. त्याची गोष्ट अगदी उलटी आहे.

मुंबईत पाइप ऑर्गनचा विषय निघाला की नावे येतात ती दक्षिणेकडची. फोर्टमधले १७१८ सालचे सेंट थॉमस कॅथिड्रल, कुलाब्याचे १८५८ सालचे अफगाण चर्च आणि १९०५ साली पूर्ण झालेले कुलाब्याचेच होली नेम कॅथिड्रल. होली नेम ही मुंबईच्या आर्चबिशपांची गादी. तिथली भित्तिचित्रे, १९६४ च्या युकॅरिस्टिक काँग्रेसच्या वेळी पोप सहावे पॉल यांनी दिलेली घंटा आणि पाइप ऑर्गन या तिन्ही गोष्टी पाहुण्यांना आवर्जून दाखवल्या जातात. पण रविवारची खरी गर्दी असते उपनगरांत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या चर्चमध्ये सकाळपासून एकामागून एक मिस्सा होतात, इंग्रजीत, कोकणीत, मराठीत, आणि तिथे गाणाऱ्यांना सूर देतो तो स्टँडवर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड.

पैसा नव्हता, असे म्हणून विषय संपवता येईल. ते खोटेही नाही. पण ख्रिस्ती वस्तीचे वय पाहिले तर साष्टी (आजची उपनगरे ज्यावर वसली आहेत ते बेट) फोर्टपेक्षा कितीतरी जुनी आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये आज कारखान्यांच्या गराड्यात उभे असलेले पडके चर्च १५७९ सालचे आहे. बोरिवलीत मंडपेश्वरची शैव लेणी फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकातच प्रार्थनेसाठी वापरायला घेतली होती. त्याच शतकात अकबराचा माणूस हाजी हबीबुल्ला गोव्याहून एक ऑर्गन फत्तेपूर सिक्रीला घेऊन गेला. माणसाच्या उंचीची ती पेटी आणि तिच्यातून निघणारे आवाज पाहून दरबार कसा थक्क झाला, हे दरबारातल्याच इतिहासकार बदायुनीने लिहून ठेवले आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्याला हे वाद्य नवे नव्हते. तरीही ते साष्टीत रुजले नाही. त्याची कारणे वाद्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाहीत.

पाइप ऑर्गन पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास मान वळवून मागे पाहतो. वाद्य बहुधा वेदीसमोर नसतेच. ते मागच्या सज्जात, दरवाजाच्या डोक्यावर असते. आधी बारीकसा फुस्स आवाज येतो. तो पंख्याने भात्यात भरल्या जाणाऱ्या हवेचा. मग वादक बसल्या जागी बाजूचा लाकडी गोल खुंटा ओढतो. हा स्टॉप. त्याने एका जातीच्या नळ्यांच्या रांगेचा रस्ता मोकळा होतो, पण अजून सूर नाही. पट्टी दाबली की त्या पट्टीच्या नळीखालची झडप उघडते आणि दाबाखालची हवा नळीत शिरते. हाताच्या पट्ट्यांच्या दोन, तीन, कधी चार-पाच ओळी एकावर एक असतात, आणि पायाखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ. पातळ तळव्याचे बूट घालून वादक टाच आणि चवडा आलटून पालटून त्या पट्ट्यांवर चालवत असतो. खालून पाहणाऱ्याला हे दिसत नाही, आणि एरवी दहा बोटांत न मावणारे संगीत एकटा माणूस कसे वाजवतो याचे कोडे पडते.

नळ्यांच्या मुख्य जाती दोन. एक जत्रेतल्या शिट्टीच्या कुळातली : चिरेतून आलेली हवा धारदार ओठावर आपटते आणि नळीतला हवेचा खांब घुमू लागतो. दुसरी गारुड्याच्या पुंगीच्या नात्यातली : नळीच्या बुडाशी पितळेची पातळ जीभ थरथरते. शिट्टीच्या कुळात नळी जितकी लांब तितका स्वर खालचा. आठ फुटी उघडी नळी सेकंदाला सुमारे ६५ कंपने देते, सोळा फुटी त्याच्या निम्मी. बत्तीस फुटी नळी म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तीन मजल्यांच्या घराएवढी. तिची कंपने सेकंदाला सोळाच्या आसपास येतात. एवढा खोल स्वर कान जेमतेम पकडतो. तो कळतो बाकाच्या फळीतून आणि छातीतून. ध्वनिवर्धक लावून सगळे होते असे मानणाऱ्यांनी एकदा असला स्वर अनुभवावा.

आणि तरीही या नळ्या म्हणजे अर्धेच वाद्य. उरलेले अर्धे म्हणजे इमारत. पट्टी सोडली की नळी लगेच थांबते, ती मंद मंद होत विरत नाही. विरतो तो भिंतींवरून परतणारा नाद. संगीतसभागृहात आवाज विरायला दोनेक सेकंद लागतात, जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथिड्रलमध्ये दहा सेकंदांहून अधिक. म्हणून तिथे वाजवणारा सुरावट सोडवून, मधे श्वास घेत वाजवतो. नाही तर सगळ्या स्वरांचा गोळा होतो. नळ्या वादकापासून तीस-पस्तीस मीटरवर असल्या तर त्याला स्वतःचाच सूर सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. लयीचा पक्का तबलजीसुद्धा इथे पहिल्या दिवशी घसरेल. ऑर्गनवादक कानावर नव्हे, बोटांवर विश्वास ठेवायला शिकतो.

आता ही इमारत उपनगरात कुठे शोधायची? गंमत अशी, की ती आहे, फक्त चर्चमध्ये नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचे तीन नंबरचे लेणे पाहावे. दुसऱ्या शतकातला हा चैत्य सुमारे २६ मीटर लांब, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर अर्धगोल छत, टोकाला गोलाईत स्तूप. चर्चचा आराखडा जवळजवळ असाच असतो. एक ओळ खर्जात म्हटली की कातळ ती धरून ठेवतो. ऑर्गनला हवा असतो तो हा बंद, जड, दगडी पोकळपणा.

मुंबईची चर्च बांधताना गरज होती नेमकी उलटी : वारा. दादरच्या पोर्तुगीज चर्चची नवी वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभी केली. आधुनिक चर्च म्हणून तिचे नाव देशाबाहेरही घेतले जाते. कोरियांनी एकच अवाढव्य दालन न बांधता छपराखालच्या जागा आणि उघडी अंगणे एकमेकांत गुंफली, आणि काँक्रीटच्या उंच कवचांतून गरम हवा वर निघून जाईल अशी सोय केली. मुंबईत मे महिन्यात बसून प्रार्थना करायची तर याहून शहाणपणाची रचना सुचणे कठीण. पण जिथून हवा जाते तिथून नादही जातो. उपनगरांतल्या कितीतरी चर्चना दोन्ही अंगांना उघडे दरवाजे, रुंद खिडक्या आणि डोक्यावर फिरणारे पंखे असतात. बाहेर रिक्षा, वर विमान. अशा जागी पाच हजार नळ्या बसवल्या तरी त्यांचा निम्मा नाद रस्त्यावरच्यांना फुकट.

मोठे आधुनिक चर्च आणि भव्य ऑर्गन यांची जोडी जमते कशी, ते पाहायचे तर आइसलंडला जावे लागते. रेक्याविकच्या हात्लग्रिम्सकिर्क्या या चर्चचे काम १९४५ ते १९८६ चालले, आणि १९९२ साली जर्मनीतल्या बॉन शहरातल्या क्लाइस कंपनीने तिथे ऑर्गन बसवला. उंची १५ मीटर, वजन २५ टन, नळ्या ५,२७५. आत सजावट जवळपास नाहीच. पांढऱ्या उंच भिंती आणि टोकदार कमानी. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद. ऑर्गनला आणखी काय हवे!

उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हचे. १९८० साली वास्तुकार फिलिप जॉन्सन यांनी तिथे चर्च बांधले ते पूर्ण काचेचे. आतल्या ऑर्गनला सोळा हजारांवर नळ्या. पण काचेतून येणाऱ्या उन्हाने इतका ताप होई की काही नळ्या वाकल्या, आणि किडीने लाकूड खाल्ले ते वेगळेच. शेवटी तो ऑर्गन सोडवून दुरुस्तीसाठी इटलीत पादुआला पाठवावा लागला. नंतर ती वास्तू कॅथलिक कॅथिड्रल झाली आणि २०२२ साली ऑर्गन पुन्हा रीतसर वाजू लागला.

उष्णतेचा त्रास धातू वाकण्यापुरता नसतो. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो, आणि शिट्टीच्या कुळातल्या नळ्या चढू लागतात. तापमान दहा अंशांनी वाढले तर स्वर षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशाने वर सरकतो. जिभेच्या नळ्या मात्र तितक्या चढत नाहीत. म्हणजे एकाच वाद्यातली दोन घराणी भांडायला लागतात. मुंबईत उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अधिक घातक. भाते आणि झडपा यांना चामडे लागते, हवेच्या पेट्या लाकडाच्या. जुलैची दमट हवा लाकूड फुगवते, चामड्याला बुरशी चढते, झडप चिकटून बसते आणि एखादा स्वर कोणी पट्टीला हात न लावताही वाजत राहतो. अशा वाद्याची देखभाल करणारा कारागीर गल्लीच्या तोंडाशी सापडत नाही.

दमट हवेवर एका माणसाने मात्र तोड काढली होती. फिलिपिन्समध्ये लास पिन्यास गावी दिएगो सेरा या पाद्र्याने १८१६ ते १८२४ या काळात ऑर्गन बांधला तो बांबूचा. १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले होते. १९७० च्या दशकात हा ऑर्गन जहाजाने जर्मनीला गेला, नीट होऊन परतला, आणि आजही वाजतो. दुरुस्ती केली ती बॉनच्या त्याच क्लाइस कंपनीने. कोकणात बांबूला तोटा नव्हता, सेरा नव्हता.

पुढे चर्चनेच दार सैल केले. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवला, पण स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांनाही जागा दिली. प्रार्थना लोकभाषेत आली, तिच्याबरोबर पेटी आणि तबलाही आला. प्रोटेस्टंटांकडे हे पाऊल कितीतरी आधी पडले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या गाण्यांना बत्तीस फुटी नळीची गरजच नव्हती.

तरीही ‘ऑर्गन’ मराठी माणसाच्या कानावरून गेला नाही असे मुळीच नाही. तो आला नळ्या टाकून देऊन. १८४२ साली पॅरिसच्या देबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यात स्वर देतात त्या पितळेच्या सुट्या पट्ट्या. अमेरिकेत पायाने भाता चालवायचे रीड ऑर्गन निघाले. व्हरमाँटमधल्या एकट्या एस्टी कंपनीने असे पाच लाखांहून अधिक बनवले. पितळी पट्टीचा स्वर हवेच्या खांबावर अवलंबून नसतो. त्यामुळे ऊन-पावसाने ती फारशी चळत नाही, आणि वाद्य कपाटाएवढ्या पेटीत मावते. गावोगाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या नाटक कंपनीला याहून सोयीचे काय असणार?

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, ही बैठक मराठी रसिकांच्या आठवणींत पक्की बसली आहे. या ऑर्गनला मींड येत नाही. पण त्याचा भरीव, न तुटणारा सूर खाली असला की गाणारा वरून हवा तसा घसरू शकतो, मधेच थांबून दाद घेऊ शकतो, आणि थिएटर रिकामे वाटत नाही. मोठ्या चर्चमध्ये भिंती जे काम करतात, ते पत्र्याच्या तात्पुरत्या मांडवात ही पेटी करत होती.

मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात आज एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला आणि साथीला असा जुना ऑर्गन असला, तर पुढच्या रांगेतल्यांनी नाटक सुरू होण्याआधी वादकाच्या गुडघ्यांकडे पाहावे. पाय भात्यावर चालत असतात आणि गुडघा एका लाकडी दांडीला बाजूला रेटत असतो. त्या दांडीने आतली फळी उघडते आणि आवाज मोठा होतो. गुडघा सोडला की फळी मिटते. पाइप ऑर्गनमध्ये नळ्यांची एक अख्खी खोली असते, तिच्या पुढच्या झडपा वादक पायाने उघडतो आणि मिटतो. युक्ती तीच. नांदीच्या शेवटच्या ओळीला तो गुडघा किती बाहेर जातो, हे गायकाचा आवाज त्या दिवशी कसा लागला आहे यावर ठरते.

(पुढील लेखांक : माटुंगा ते मुलुंड, नाट्यगृहांच्या छपरांचा आवाजाशी संबंध)