मुलाचे अक्षर का बिघडले?

"पहिलीत मोत्यासारखे अक्षर होते, आता बघा कोंबडीचे पाय! मार देऊनही उपयोग नाही," असे म्हणत एका आईने मुलीची वही माझ्या टेबलावर ठेवली. वही चाळली. सकाळच्या तासांचे लिखाण वेडेवाकडे व अर्धवट, दुपारचे मात्र बरेच नीट. आळस असा वेळ पाहून येत नाही. हात पाहिला तर मनगट आणि दोन बोटांची पेरे सुजलेली. पुढे तपासण्यांत संधिवात निघाला.

संधिवात म्हातारपणीच होतो, हा समज चुकीचा आहे. 16 वर्षांच्या आतही तो होतो. सांध्याची सूज 6 आठवडे टिकली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्याची शंका घ्यावी. सकाळी सांधे आखडलेले असतात, दिवस चढेल तसे मोकळे होतात. पुष्कळ मुले दुखते म्हणून सांगतही नाहीत. ती पेन मुठीत धरतात, मध्येच हात झटकतात आणि 'गृहपाठ अपूर्ण' हा शेरा मुकाट्याने घरी आणतात.

अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधे मनाने बंद करू नयेत. डोळेही तपासून घ्यावेत. या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो.

शाळेत जाण्यापूर्वी हात कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवावेत. पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे घट्ट आवळावी लागत नाही. दाबून लिहावे लागणाऱ्या बॉलपेनपेक्षा जेल पेन बरे. थोडे लिहून झाले की हाताला विसावा द्यावा. आणि गुरुजनहो, 'शंभर वेळा लिहून आण' ही शिक्षा या मुलांना कृपा करून देऊ नका. सुजलेल्या सांध्याला ती सोसत नाही.

परीक्षेचे काय? लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने, लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर 2022 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिण्यास अडचण असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र असेल, तर लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. प्रमाणपत्राला वेळ लागतो. दहावीचे वर्ष असेल तर जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून बोर्डाचे नियम विचारून घ्यावेत.