शिर्मरची पट्टी: काय सांगते, काय नाही

गाळणकागदाची ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब पट्टी. तिचं दुमडलेलं टोक खालच्या पापणीत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवायचं आणि पाच मिनिटांनी ओल कुठवर उतरली ते वाचायचं. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३मध्ये मांडलेली ही तपासणी अजून वापरात आहे. ओल ५ मिलिमीटरच्या आतच थांबली, तर अश्रू कमी असल्याचा संशय बळावतो. पण २० मिलिमीटर आली म्हणून ‘डोळे कोरडे नाहीत’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवणं चूक आहे.

कारण पट्टी फक्त पाणी मोजते. हे पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर लागतो आणि तो पापणीच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतो. या ग्रंथी तुंबल्या की डोळा चुरचुरतो आणि वारा लागताच उलट घळाघळा वाहतो. कोरड्या डोळ्यांत हाच प्रकार जास्त आढळतो. तो ओळखायला फ्लुओरेसिनचा रंग, स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश आणि सेकंद मोजण्याचा धीर पुरतो. रुग्णाने पापणी न मिटता समोर बघायचं. हिरव्या थरात पहिला काळा डाग दहा सेकंदांच्या आत उमटला, तर थर टिकत नाही. मग पापणीची कड बोटाने हलकेच दाबायची. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ तेल येतं, तुंबलेलीतून टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा द्रव, किंवा काहीच नाही.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठला, असं कुणी म्हणेल. पण वेळ खाते ती पट्टीच. रंगाची तपासणी मिनिटभरात होते. शिवाय पट्टीचा आकडा त्याच डोळ्यात दोन दिवशी वेगवेगळा येऊ शकतो. म्हणून ती फेकून द्यावी असं नाही. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन आजाराच्या शोधात तिचा आधार लागतोच. फक्त ती शेवटी लावावी, कारण तिच्या स्पर्शानेच डोळा पाणावतो आणि पुढच्या तपासण्या बिघडतात.

निदानावरच उपचार ठरतो. ग्रंथी तुंबल्या असतील तर रोज पाच-दहा मिनिटं सोसवेल असा गरम शेक, हलकी मालिश आणि कडांची सफाई. नुसत्या थेंबांनी भागत नाही. थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रासदायक ठरतं. दाह असेल तर सायक्लोस्पोरिन देतात, पण त्याचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. आठ दिवसांत बाटली बाजूला ठेवणाऱ्याला तो दिसणारच नाही. अश्रूच कमी असतील तर निचऱ्याच्या छिद्रात बारीक बूच बसवतात. ओमेगा-३च्या गोळ्यांचा मात्र फार गवगवा झाला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

थेंबांची चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: पापण्यांच्या कडा पाहिल्यात का?