जुन्या पिकअपची नाडीपरीक्षा

मोटार धांवत असतां तिच्या इंजिनाचे दोष पुष्कळदां झांकले जातात; ती उभी राहिली म्हणजे ते उघडे पडतात. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीचें ३०० घनइंची, सहा सिलिंडरांचें इंजिन हा याचा चांगला दाखला होय. १९६५ पासून १९९६ पर्यंत तें तयार होत होतें, आणि तें बसविलेल्या जुन्या पिकअप गाड्या तिकडे अजूनहि राबतांना दिसतात. चिवटपणाबद्दल या इंजिनाची ख्याति मोठी. तरी अशी एखादी गाडी लाल दिव्यापाशीं थांबली कीं इंजिनाचा ठेका बिघडतो, पत्रा थरथरूं लागतो, आणि कधीं कधीं हिरवा दिवा लागण्यापूर्वींच इंजिन बंद पडतें. गाडी वेगांत आली कीं पुन्हां सर्व सुरळीत! मालकास वाटतें, आयडलिंगचा स्क्रू थोडा पिळला कीं भागलें. या समजुतीनें जितकीं इंजिनें बिघडलीं असतील, तितकीं जुनेपणानेंहि बिघडलीं नसतील.

हा विकार उभ्या गाडींतच कां दिसावा? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं कार्बुरेटरमधील हवेची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढूं पाहतात, पण वाट अरुंद. म्हणून झडपेपलीकडच्या नळ्यांत हवा विरळ होते. ४.९ लिटरचें हें इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असतां ढोबळ हिशेबानें ५०० लिटर हवा घेतें. नळीच्या जोडांत तीन मिलिमीटरचें एक भोंक पडलें, तर त्यांतूनच साठसत्तर लिटर हवा शिरते, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा; आणि तिच्याबरोबर पेट्रोल मुळींच येत नाहीं. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण. तें सुटलें म्हणजे ठिणगी पडूनहि मिश्रण कधीं पेटतें, कधीं पेटत नाहीं. तेंच इंजिन भर वेगांत हजारों लिटर हवा घेतें, शिवाय झडप उघडी असल्यानें आंतील ओढहि ओसरते. भोंक तेंच राहतें. त्याचा उपद्रव मात्र जाणवत नाहीं.

म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वीं कान लावावा. मिनिटास ६०० फेरे असतां प्रत्येक सिलिंडर सेकंदास पांच वेळां पेटतो. धक्का त्याच ठराविक तालांत बसत असेल, तर एखादा सिलिंडरच काम करीत नाहीं असें समजावें. वेग लाटेसारखा चढतउतरत असेल, तर दोष बहुधा हवेच्या अथवा पेट्रोलच्या पुरवठ्यांत असतो.

कानाची साक्ष व्हॅक्यूम गेजनें पडताळावी. हें स्वस्त यंत्र वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखें आहे. निरोगी इंजिनांत समुद्रसपाटीवर त्याची सुई १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहते. सुई स्थिर पण खालीं असली, तर हवेची गळती किंवा उशिरां पडणारी ठिणगी. ठराविक तालानें झटका घेऊं लागली, तर बहुधा जळलेला व्हॅल्व्ह. येथें स्थळाचाहि विचार हवा. दर हजार फूट उंचीला सुमारें एक इंच कमी धरावा लागतो. डेन्व्हर शहर ५२८० फुटांवर वसलें आहे; तेथें १४ इंच दिसले म्हणून कोणीं घाबरूं नये.

गळती शोधण्यास रबरी नळीचा हातभर तुकडा पुरतो. एक टोक कानाशीं धरून दुसरें जोडांवरून फिरवावें. फट असेल तेथें फुसफूस ऐकूं येते. गाडी मोकळ्या हवेंत उभी असावी, आणि पंख्यापासून हात व सैल कपडे दूर असावेत. जोडांवर ज्वालाग्राही द्राव फवारण्याची रीत कित्येक मेकॅनिक पाळतात, पण या इंजिनांत आंत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही नळ्या एकाच बाजूस असल्यानें तापलेला एक्झॉस्ट शेजारींच असतो. तो खेळ टाळलेलाच बरा. या शेजारामुळेंच तापण्यानिवण्यांत तेथील बोल्ट सैल होतात व गॅस्केट फुटतें. पहिला संशय तेथेंच घ्यावा.

दुसरा संशय ब्रेकच्या बूस्टरचा, आणि तो अधिक गंभीर. बूस्टरकडे जाणारी नळी क्षणभर चिमटून धरतांच इंजिन स्थिर झालें, तर त्यांतील रबरी पडदा फाटला असावा. खात्रीसाठीं इंजिन बंद करून पेडल चारपांच वेळां दाबावें, दाबूनच धरावें, आणि इंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें नाहीं, तर ब्रेकला मदत मिळत नाहीं. अशी गाडी दुरुस्तीपूर्वीं रस्त्यावर आणूं नये, मग इंजिन कितीहि गोड चालो.

नळ्या निर्दोष ठरल्यावर प्लग, त्यांच्या तारा आणि शेवटीं कॉम्प्रेशन तपासावें. १९८७ पासून या इंजिनावर कार्बुरेटरऐवजीं इंधनाची फवारणी आली; त्या गाड्यांत आयडलिंगची हवा सोडणारा छोटा व्हॅल्व्ह काजळीनें अडकतो, तो साफ करावा.

कार्बुरेटरच्या गाडींत स्क्रूची पाळी सर्वांच्या नंतर येते. इंजिन पुरतें तापल्यावर गेज लावून मिश्रणाचा स्क्रू सुई सर्वांत वर चढेल तेथें ठेवावा, आणि मगच वेगाचा स्क्रू हलवावा. गळती तशीच ठेवून केवळ वेग वाढविला, तर ऑटोमॅटिक गिअरची गाडी चौकांत ब्रेकशीं झगडत पुढें सरकूं पाहते, आणि घरीं आल्यावर किल्ली काढून घेतली तरी तापलेलें इंजिन कांहीं क्षण आपलें धडधडतच राहतें.