रहस्यपटाचे भित्तिपत्रक

रहस्यपटाची जाहिरात रंगवणाऱ्यापुढे पेच असतो. कुतूहल चाळवायचे, पण उकल फोडायची नाही. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’साठी सॉल बास यांनी नारिंगी पृष्ठभूमीवर पांढरा भोवरा काढला. त्यात पुरुष भरीव काळा, आणि स्त्री नुसती बाह्यरेषेची. ती खरी की भास, हे चित्रच विचारते! राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) आणि त्यावरून निघालेल्या ‘मेरा साया’मध्ये (१९६६) असाच संशय आहे: मृत पत्नीसारखीच स्त्री समोर उभी राहते.

आपल्याकडे मात्र बाह्यरेषेवर भागत नसे. फाळक्यांच्या नाशकातला प्रेक्षकही आधी नटनटीचा चेहरा शोधी, आणि ते रास्तच. म्हणून आपले रंगारी चेहरा ठेवीत, पण गालावर हिरवी वा निळी छाया टाकीत. दिवसाउजेडी माणसाचा गाल हिरवा नसतो, एवढे अक्षरशत्रूलाही कळे.