पुण्याची तांबडी घोरपड

सदाशिव पेठेत फुटबॉलचा विषय काढून पाहा. ‘तो कोल्हापूरकरांचा खेळ’ असे सांगून गृहस्थ पुन्हा क्रिकेटकडे वळतील. गंमत अशी की, आशियाई क्लबस्पर्धेत कोल्हापूरचा संघ कधी गेला नाही, पुण्याचा गेला. आणि तिथून परतल्यावर पुढच्याच वर्षी तो नाहीसाही झाला!

2007 साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे फुटबॉल क्लब स्थापन केला. चिन्ह घेतले तांबड्या घोरपडीचे. तानाजीची कथा ऐकत वाढलेल्या शहराला याहून शोभणारे चिन्ह कोणते? घोरपड एकदा कड्याला चिकटली की सुटत नाही, अशी आपली समजूत.

आरंभी चिकटलीही ती छान. दोन वर्षांत संघ वरच्या आय-लीगमध्ये पोहोचला आणि 2009-10 च्या पहिल्याच हंगामात तिसरा आला. गोवा आणि कलकत्ता यांची मिरास असलेल्या स्पर्धेत नवख्याने असे पाट मांडून बसणे लहानसहान गोष्ट नव्हे. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. घरचे मैदान बालेवाडीचे, 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले. 2012-13 मध्ये संघ दुसरा आला. पुढे होता फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स.

त्या दुसऱ्या क्रमांकाने आशियाचे दार उघडले. 2014 च्या आरंभी हनोईत व्हिएतनामी संघाकडून हार झाली, आणि वरच्या चॅम्पियन्स लीगची वाट बंद झाली. मग धाकटी स्पर्धा, ए.एफ.सी. कप. गटात हाँगकाँगचा किची, सिंगापूरचा टॅम्पाइन्स रोव्हर्स आणि ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, नेपिडॉ. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्याच्या गावी. चारांतले दोन पुढे जायचे. पुण्याला ते साधले नाही. पण मुंबईच्या गाडीसाठी धावपळ करणाऱ्या आपल्या गावाचा संघ हाँगकाँगला खेळून आला, हे घरोघर कौतुकाने सांगावे असेच होते. किती घरांत सांगितले गेले, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा.

त्याच वर्षी संघ ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला; तिथे साळगावकरने हरवले.

मग चूक कुठे झाली? 2014 मध्येच इंडियन सुपर लीग आली: नट, दूरदर्शनसंच आणि झगमगाट घेऊन. पुण्याच्या वाट्याला एफ.सी. पुणे सिटी आला. मालकांत हृतिक रोशन, मैदानावर फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे. शिवाय कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. आय-लीगमध्ये उतरला. ज्या गावाला एक संघ धड माहीत नव्हता, तिथे आता तीन! भारत एफ.सी. एकाच हंगामात संपला. 2015 मध्ये पुणे एफ.सी.नेही गाशा गुंडाळला. त्याची अकादमी पुणे सिटीने घेतली. डी.एस.के. शिवाजियन्स 2017 पर्यंत टिकला. पुणे सिटीने 2017-18 मध्ये उपांत्य फेरी गाठली, आणि 2019 मध्ये तोही गेला. त्याची जागा हैदराबादने घेतली. त्या हैदराबादने 2022 मध्ये विजेतेपदही पटकावले.

पैसा संपला म्हणून क्लब मरतोच असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाचा सर्व्हेत हा 1890 सालचा क्लब. 2005 मध्ये त्याचे दिवाळे निघाले, 2015 मध्ये पुन्हा पैशापायी घसरण. दोन्ही वेळा तो थेट तिसऱ्या श्रेणीत पडला. तरी 2024 मध्ये त्याने स्विस कप जिंकला. जिनिव्हाने त्याला टाकले नाही. इतके लांब कशाला? कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा या तालमींचे संघ आहेत. तिथे संघ पेठेचा असतो, कंपनीचा नसतो. पुण्यातही पेठा आहेत, तालमी आहेत, गणेश मंडळे तर विचारूच नका. पण या चारांपैकी एकाही संघाला कुठली पेठ आपला म्हणाली नाही. मालकाने हिशेबाची वही मिटली, की खेळ खलास.

अकादमीतली मुले मात्र राहिली. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन पुणे एफ.सी.च्या अकादमीत घडला, तिथून पुणे सिटीत गेला, आणि जानेवारी 2019 मध्ये अमिरातीतल्या आशियाई चषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी त्याचा पुण्यातला दुसरा क्लबही बंद झाला.